भेरली माड, क्रमांक सतरा

जिवंत असेल तर एक, मेला असेल तर शून्य.
तक्ता एवढंच विचारत होता.
येऊरच्या ओढ्याकाठी सोळा माडांपर्यंत
पेन कुठे अडलं नाही.

सतराव्यापाशी थांबले.
माशाच्या फाटक्या शेपट्यांसारखी पानं,
आणि त्यांच्या वर, अगदी शेंड्याला,
पहिला तुरा सुटलेला, हातभर.
"मरायला लागला हा," नवशा तुंबडा म्हणाला,
जसं कुणी म्हणावं, वयात आला.
"पण घाई नाही त्याला.
सहा-सात वर्षं घेईल."

माडाचं सगळं उलटं.
पहिलं फूल डोक्याशी,
मग त्याच्या खालच्या पेरातून,
मग आणखी खालच्या.
जिना उतरत यावं कुणी
मजल्यामजल्यावर एकेक दिवा लावत,
आणि तळाशी पोचल्यावर
चपला न घालताच निघून जावं.

मागच्या वर्षीच्या एका माडाचं पिकलं फळ
मी बोटांत चिरडून पाहिलं.
नवशानं अडवलं नाही. नुसता बघत राहिला.
रात्री वसंत विहारात, चौथ्या मजल्यावर,
नळाखाली हात धरून उभी होते.
खोबरेल झालं, आमसूल झालं, कणीक चोळून झाली,
आई म्हणाली, नोकरी बदल.
तेच फळ उदमांजर
रात्रभर माडावर बसून खातं
आणि मिशासुद्धा पुसत नाही.

त्याची जागा आम्हाला सापडली होती:
ओढ्याच्या वरचा सपाट कातळ.
रोज तिथेच बसतं ते,
आमच्या कचेरीतल्या कुणाहीपेक्षा नेमानं.
विष्ठेत धुऊन निघालेल्या काळ्या बिया.
मोजल्या. एकेचाळीस.
रोपवाटिकेसाठी पिशवी काढली, तर
नवशानं दहा उचलून दिल्या
आणि बाकीच्या पायानं पाचोळ्यात ढकलल्या.
"तो पेरतो ते उगवतं, बाई.
आपण पेरलं की पाणी घालत बसावं लागतं."

परतीच्या वाटेवर घोडबंदर रोड.
सोसायट्यांच्या दाराशी ओळीनं बाटलीताड,
कुठल्या तरी दूरच्या बेटावरून आलेले,
गुळगुळीत, पाहुण्यांसारखे अवघडून उभे.
सुकलेलं पान लोंबायच्या आत माळी कापतो.
आणि ताडपाकोळीला तेच हवं असतं:
लोंबणारं, मेलेलं, कुणी न कापलेलं पान,
ज्याच्या आतल्या घडीला ती
थुंकीनं आपलं वाटीएवढंही नसलेलं घर चिकटवते.
पाड्यामागच्या म्हाताऱ्या ताडावर
अशी किती तरी पानं आहेत.
तक्त्यात पानांसाठी जागा नाही.

नवशाच्या बापानं या रानात माडी काढली.
खाचा अजून दिसतात, क्रमांक नऊच्या खोडावर,
आता माणसाच्या हाताला न पुरणाऱ्या उंचीवर.
"माड वाढला वाटतं तेवढा?" मी विचारलं.
"नाही," तो म्हणाला, "शिडी गेली."

आणि क्रमांक तीन.
तो शेवटचा तुरा खाली उतरवून गेला
तेव्हा मी इथे नोकरीलाही नव्हते.
शेंडा नाही, पान नाही, नुसता खांब.
त्याच्याच शेजारी पडलेल्या भावाला
नवशाच्या बायकोनं उभा चिरून घेतलं,
गाभा कोरला, पन्हळ केली.
झऱ्याचं पाणी त्यातून
तिच्या वांग्यांपर्यंत जातं,
वाटेत थोडं गळतं,
गळतं तिथे दोन कोवळे माड आलेत,
बोटभर, अजून शेपटी न फुटलेले.
त्यांना क्रमांक नाही.

कचेरीतून फोन आला:
सतराव्याची चौकट रिकामी का?
मी एक लिहिला.
मग तिसऱ्यापाशी गेले, जुनीच नोंद, शून्य,
माझ्याच अक्षरातलं, जरा लांबट.
खोडलं नाही.
संध्याकाळी सहाच्या सुमाराला
त्या शून्यातून एक पिंगळा
डोकं बाहेर काढतो
आणि मी पुढे काय लिहिते ते बघतो.