पंचवीस ओळींचं पान

तारमळेबाईंच्या वहीत एका पानावर पंचवीस ओळी.
शिवडी, गाडी अड्डा, मग कोळीवाड्याची मागची गल्ली.
पिंप, हंडा, कुंडी, पत्र्यावरचा टायर
आणि समोर एकच शब्द:
अळी. किंवा निरंक.
किंवा बंद, म्हणजे दाराला कुलूप.

मी परळच्या कचेरीत, पंख्याखाली,
ती अक्षरं टंकतो आणि आरला सांगतो,
ओळीच्या क्रमांकातून एक वजा कर,
पंचविसानं भाग,
भागाकार ठेव, बाकी फेकून दे.
शून्य म्हणजे पहिलं पान. एक म्हणजे दुसरं.
आता पानागणिक मोज.
एक हजार बत्तीस ओळी. चहाचा घोटही उतरत नाही तोवर
बेचाळीस पानांचा हिशोब समोर.

पहिल्या दिवशी तो एक वजा करायचा राहिला होता.
पहिल्या पानावर चोवीसच घरं,
पंचविसावं शेजारच्या पानात,
धुणं वाळत घालताना दुसऱ्याच्या दोरीवर जावं तसं.
बाईंनी चष्माही लावला नाही.
"सतराव्या पानावर तीन अळ्या, साहेब. चार कुठून आणल्या?
पिंपं मी ओतलीत. माझ्या हातांना माहीत आहे."

ते सुधारलं. तरी तिसावं पान बसेना.
अकरा निरंक, नऊ अळी. वीस.
पाच ओळी गेल्या कुठं?

'बंद' मी कोरं सोडलं होतं,
आणि कोरं ते मोजत नाही. न विचारलेलं सांगत नाही.
एक शब्द वाढवून विचारलं,
कोऱ्यांनाही धर.
तिसरा रकाना उघडला.
तिसाव्या पानावर पाच,
एकतिसाव्यावर नऊ,
बत्तिसाव्यावर सोळा.

बाई पदरानं मान पुसत म्हणाल्या,
"ती गल्ली उठवतायत ना. माणसं गेली कुलपं लावून.
पिंपं आतच आहेत.
भरलेली."

मी पडद्याकडं बघत राहिलो.
इतके दिवस अहवालात त्या गल्लीचं काम
सर्वात चांगलं दिसत होतं.

शेवटच्या पानावर सातच ओळी.
मला वाटलं, पुन्हा माझंच काही चुकलं.
वही उघडली.
सातव्या ओळीखाली बाईंची आडवी रेघ
आणि रेघेखाली, जरा वाकडं:
ऊन फार. उरलेली उद्या.