दोन तास

सोनाराच्या काट्यावर शेंगदाण्याची पूड,
चाळीस मिलिग्रॅम.
पंखा बंद करून, श्वास धरून मोजते.
वेलची केळ्यात कालवते. यशोधन गिळतो,
जीभ काढून दाखवतो : संपलं.

आता दोन तास.
धावायचं नाही, गरम पाण्याची अंघोळ नाही,
झोपायचंसुद्धा नाही.
नुसतं बसायचं.

खाली पार्किंगमध्ये विटांचे स्टंप उभे राहिलेत.
"यशो, येतोस का रे?"
"सात वाजता!" तो गजांतून ओरडतो
आणि धायरीच्या बस मोजायला लागतो.

तिसऱ्या बसला मी त्याचा बनियन वर करते.
पाठ कोरी.
चौथ्या बसला पुन्हा.
"आई, आत्ताच तर पाहिलंस."

चार वर्षं या घरात कूट नाही.
खिचडीत ओलं खोबरं, कोशिंबीर भुंडी.
चतुर्थीला समोरच्या गद्रेबाई दाणे भाजतात
तेव्हा मी खिडक्या लावून घेते.
आणि रोज पाचला
त्यालाच दार उघडते,
कणाकणाने, हाताला धरून.

सहाव्या बसला तो कान खाजवतो.
माझ्या हातातली वाटी तशीच राहते.
"डास गं."
डासच असतो.

"तू बस ना जरा. डोस मला दिलाय."
सरकून जागा करतो.
मी टेकते. खिशातलं इंजेक्शन मांडीला रुततंय,
हलत नाही.
त्याचं डोकं माझ्या दंडावर, जड, कोमट.
"झोपू नकोस हं," मी म्हणते.
"तूच जांभई दिलीस," तो म्हणतो.
"किती झाल्या?"
"नऊ. नाही, थांब, ती कचऱ्याची गाडी होती."