साडेचार लाख साखळ्या

श्रेणिकनं आल्या आल्या नाही,
जायच्या आदल्या रात्री विचारलं,
आप्पा, इथून नैरोबी सरळ रेषेत किती?

सरळ रेषेत मी फार थोडं मोजलंय, बाळा.
छत्तीस वर्षं मोजणी खात्यात गेली,
बांध वाकडे, ओढे वाकडे,
भावाभावांचे जबाब तर विचारूच नको.
एकदाच सरळ मिळालं, कवलापूरच्या धावपट्टीचं रान,
जिथं विमान येत नाही, शेळ्या येतात.
मी म्हणायचो, ओढ!
आणि लांब टोकाला बिरू साखळी ताणायचा,
पोटातला झोळ जाईपर्यंत.
बाराच्या आत संपलं. एक हरकत नाही.
बिरू म्हणाला, साहेब, हे काय काम झालं?

त्रिशलाला बक्षीस मिळालेली पृथ्वी
अजून कपाटावर आहे. पुसली.
राजमतीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला.
मुंबईवर माझा अंगठा, नैरोबीवर त्याचं बोट.
चार बोटं भरलं.
दोरा बहुतेक निळ्यावरूनच गेला,
ना गट नंबर, ना लगतधारक,
पंचनाम्यावर सही कुणाची घ्यायची?

तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे.
लाइट बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला.
साडेचार लाख साखळ्या.
साखळीमागं आणाभर चूक धरली
(उन्हात लोखंड वाढतं, माणूस ढिलं धरतो)
तर नुसती चूकच निघते
सांगलीपासून पुणं ओलांडून तळेगावपर्यंत.
'म्हणजे मम्मी तळेगावलाच असेल,' पोरगं म्हणालं
आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसलं.

मी हसलो नाही.
विमानाचे तास सहा.
तिकीट मिळायला दोन दिवस.
मुंबईहून माधवनगरात यायला अख्खी रात्र,
त्यात कराडजवळ टायर बसला.
त्रिशला दारात उतरली तेव्हा
राजमतीची राख सावडून झाली होती
आणि मांडवातल्या खुर्च्या मोजून परत चालल्या होत्या.
हे अंतर कुठल्या रकान्यात भरायचं
ते खात्यानं शिकवलं नाही.

दुसऱ्या रात्री त्याला मुंबईच्या गाडीत बसवला.
खिडकीतून हात केला, मग मोबाईल काढला,
पोरंच ती.

परवा साडेआठला फोन आला.
इथं दिवे लागून वेळ झालेली, तिथं ऊन होतं.
'पोचला. जेवला. झोपलाय.'
मग दोघंही गप्प. पैसे जात नाहीत हल्ली,
म्हणून गप्प राहायला बरं पडतं.
'आप्पा, ह्याच्या खिशात दोरा सापडला,
दोन्हीकडं गाठ मारलेला. टाकू?'

टाकू नको, म्हटलं. धर.
बिरूला रानभर ओरडून सांगायचो
तो एकच शब्द जिभेवर आला,
पण फोनवर कसा म्हणायचा?
'आवाज तुटतोय का?' ती विचारत राहिली.
नाही, म्हटलं. ऐकू येतंय सगळं.