उखळीचा सांधा

ढेमशी सशासारखी जिना चढायची,
मागचे दोन्ही पाय एकदम, जोडीनं,
आणि आम्ही हसायचो.
उंटवाडीतल्या आमच्या बिल्डिंगची पोरं शिट्ट्या वाजवायची.
विजूनं तर व्हिडिओ काढून वन्संना पाठवला.
तो नाच नव्हता
हे मार्गशीर्षातल्या एका पहाटे कळलं,
तावदानं थंडीनं आंधळी झालेली
आणि ती पोत्यावरून उठेचना.

कोठावदे डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला.
"हे बघा काका, उखळीचा सांधा.
उखळ खोल हवं. हिचं बशीसारखं, जन्मापासून."
सातपूरला तेहेतीस वर्षं मी लेथवर.
बशीत गोळा ठरत नाही
हे मला कुणी सांगायला नको.
प्ले आला की बेअरिंग ओरडतं.
ही ओरडली नाही, एवढंच.

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, म्हणतात.
उखळच उथळ असेल तर
डोक्यानं जायचं कुठं?

आधी वजन.
अकरा किलोंची साडेआठ होईस्तोवर
आमच्या घरात पोळीचा तुकडा खाली पडेनासा झाला.
चोर मीच निघालो. शेवेचा डबा माळ्यावर गेला.
फरशी घसरते म्हणून सतरंज्या, त्या संपल्यावर चादरी,
मग पोराच्या मुंजीतलं जाजम.
पलंगाला प्लायचा उतार केला, एकास चार, गुण्यात.
विजू म्हणाली,
इतकं मोजूनमापून माझ्यासाठी कधी काही केलं नाहीत.
खरं होतं. करवत पुसत बसलो.

तरी फाल्गुनात डाव्या पायाला कात्री लागलीच.
गोळाच काढून टाकू, डॉक्टर म्हणाले,
लहान जीव आहे, मांसच सांधा धरेल.
रात्रभर पंख्याकडे बघत पडलो.
गोळा काढून कुठलं मशिन चालतं?
भंगारात घालतात त्याला.

टाके निघाल्यावर पोटाखाली पंचाची झोळी घालून
तिला गोदापार्कला न्यायचो.
तीस पावलं. पुढच्या आठवड्यात पन्नास.
पायऱ्या दिसल्या की मीच वळायचो.
घरी आलं की शेकाची पिशवी, दोघांत एक,
आधी तिचा खुबा, मग माझा गुडघा,
आणि ती माझ्या पाळीलाही उठायची नाही.

उजव्याचं पुढं बघू. पैसेही बघू.

काल दुपारी पेपर वाचत होतो.
पाठीमागं तिच्या गळ्यातला घुंगरू वाजायला लागला,
भराभर, एकाच लयीत.
लगेच वळलो नाही.

डाव्या पायानं ती डावा कान खाजवत होती.
चार वेळा नीट. पाचव्यांदा पाय सुटला,
बुडावर आपटली,
माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच ढकललं,
आणि पुन्हा पाय उचलला.