रोलर

पांढरकवड्याच्या फॉरेस्ट क्लबात
विजेत्यांचा लाकडी फळा आहे.
पहिल्या वर्षी यासीन पेंटरनं नाव लिहिलं,
डोमाजी कुमरे, चौकीदार.
दुसऱ्या वर्षीही लिहिलं, तिसऱ्याही.
मग त्यानं ऑइलपेंट वाचवला:
नुसत्या दोन टिकल्या, खाली खाली,
आता अकरा ओळी झाल्या.

त्यातल्या तीन ओळींच्या पलीकडे मी आहे.
हरलेल्याचं नाव फळ्यावर येत नाही.

यंदा नागपूरहून सर्वज्ञ पाचपोर आला,
एकोणीस वर्षांचा, सहा रॅकेटी,
बाप मागे थर्मास घेऊन.
सर्व्हिस अशी की निंबावर बसलेली पोट्टी
आवाज आल्यावर माना वळवायची.
डोमाजीचं वय सर्व्हिस बुकात सत्तावन्न,
खरं त्याच्या आईला माहीत होतं, ती गेली.
रॅकेट एकच, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.

मॅचआधी त्यानं पोराला हाताला धरून कोर्ट दाखवलं,
जसं मला दाखवलं होतं, जसं सगळ्यांना:
"हे पाह्य, इथं चेंडू बसते.
रातच्यानं निंबाचं दव टपकते, मुरूम ओला रायते.
अन् त्या कोपऱ्यात उसळते, खाली मुळी आहे.
मंग म्हनू नको, बुढ्यानं सांगतलं नाही."

पोरगं हसलं. मीही हसलो होतो.

पहिला सेट पाचपोरचा, सहा-दोन.
रेंजर साहेबांनी घड्याळ पाहिलं,
तर्रीपोहेवाल्यानं गॅस मोठा केला.
मी अंपायरच्या उंच खुर्चीत.
आता काय होणार ते मला माहीत होतं,
कसं होतं ते आजही सांगता येत नाही.
तो जोर लावत नाही.
चेंडू फक्त परत देतो,
शेजारणीची उसनी वाटी परत द्यावी तसा,
रिकामी नाही, तळाशी काहीतरी घालून.
पाचपोर मारतो, वाटी परत येते.
पाचपोर आणखी जोरात मारतो.

दुसऱ्या सेटमध्ये कधीतरी
पोरानं खाली पाहिलं, ओला मुरूम शोधायला,
आणि मी मनात म्हटलं, गेला.
त्या जागी त्या दिवशी चेंडू पडलाच नाही.
एकदाही नाही.
पोरगं मात्र अर्धं वाकूनच खेळत राहिलं
आणि डोमाजी त्याच्या डोक्यावरून
उंच, आळशी चेंडू पाठवत राहिला.

सहा-चार. सात-पाच.
कप, फोटो.
थर्मासचं झाकण आवळत बाप म्हणाला, कोर्टच खराब आहे.

गर्दी पांगली की हरलेल्यानं
डोमाजीसोबत रोलर ओढायचा, अशी रीत आहे.
कुठे लिहिलेली नाही.
दगडी रोलर, एक दांडी, दोन माणसं.
पाचपोरनं आधी बापाकडे पाहिलं,
मग बूट काढले.

मी नेट सोडत होतो, गाठ बसली होती, वेळ लागला.
ते जात होते, येत होते.
चौथ्या फेरीला पोराची मान वळली.
मला कळलं, त्याला ऐकू आलं:
डोमाजीचा उजवा गुडघा,
दर पावलाला, वाळलेली तुरीची शेंग तडकावी तसा.
नेटपलीकडे तो आवाज पोचत नाही.
दांडीच्या दुसऱ्या टोकालाच तेवढा येतो.

मी तो पहिल्याच वर्षी ऐकला होता.
पुढच्या फायनलला त्या गुडघ्याकडे
आखूड चेंडू टाकला नाही, असं म्हणणं बरं दिसेल.
टाकला. चार वेळा टाकला.
चारही वेळा तो पोचला,
आणि संध्याकाळी रोलर ओढताना
त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

पोरानं आपला हात दांडीवरून हळूच
म्हाताऱ्याच्या बाजूला सरकवला,
भार आपल्याकडे घ्यायला.
डोमाजी थांबला.
"असा रोलर तिरपा जाते ना बाप्पा," म्हणाला,
"आपल्या जागेवरून ओढ."