सुटकेसची चाकं

दर डिसेंबरात आई आणि मी
शिरवळहून एसटीनं साताऱ्याला जायचो.
जाताना घाट, येताना बोगदा.
घाटात ती ओकायची, पिशवी घट्ट धरून, आवाज न करता.
पोलीस कचेरीत, परदेशी लोकांच्या खिडकीपाशी
फायलीची नाडी माझ्या हातात द्यायची,
शेळीचं दावं द्यावं तशी.

"आडनाव?"
"नो."
"अहो, नाही कसं? काहीतरी असेल की."
"नो. नो क्यंग-हे."
कारकून हसायचा. मी नाही.
आई मात्र हसायची, दरवर्षी,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखी,
आणि शिक्का जरा लवकर पडायचा.
हे मला फार उशिरा कळलं.

अप्पा मार्चमध्ये गेले.
कंपनीला कुलूप, विमानतळाची गाडी,
"दोन महिन्यांत बोलावतो."
आईनं निळी सुटकेस भरून दाराशी ठेवली,
सगळ्यात वर माझा स्वेटर, तिकडे थंडी म्हणून.
तो स्वेटर सुटकेसमध्येच मला लहान झाला.

बाजारात हौसामावशी भाजीवाल्याला हाक मारायची,
"ओ आप्पा, मुळा कसा दिला?"
आई दचकून वळायची.
एका बाजाराला वळली नाही,
नखानं मुळे टोचून बघत राहिली.
मला वाटलं, आता ही इथली झाली.
तसं काही नव्हतं.
ती फक्त वळायची थांबली होती.

ज्या गावात तिनं एकोणीस वर्षं काढली
त्या गावाचं नाव तिला अजून घेता येत नाही.
तो शेवटचा ळ.
जीभ वर जाते, चाचपडते, रिकामी खाली येते.
शिरवल म्हणते, कधी शिरवर.
रिक्षावाले बरोबर आणून सोडतात.

एमआयडीसीतल्या पोरांची खानावळ तिनं
चार ताटांवर सुरू केली.
ब्याडगी मिरची घेऊन डंकावर गेली
तर बायकांनी विचारलं, कसला मसाला?
"कोबीचा."
एकीनं चिमूट नाकाशी नेली, शिंकली,
म्हणाली, लसूण कमी पडतोय.
घरी येऊन आईनं लसूण वाढवला.

लोक म्हणतात, खंबीर बाई.
मी तिला मोरीत रडताना ऐकलंय,
नळ सोडून, कुणाला कळू नये म्हणून.
पण आमच्याकडे पाणी सकाळी एकच तास,
तेव्हा रडणंही त्या तासातच,
पिंप भरेपर्यंत.
एकदा तिनं फोन पिंपात टाकला.
मग बाहेर काढून तांदळात पुरला, तीन दिवस.
चौथ्या दिवशी त्याच तांदळाचा भात केला.

तिच्या भाषेत माझी आई म्हणत नाहीत.
उरी ऑम्मा म्हणतात. आपली आई.
एकुलतं एक लेकरू असलं तरी आपलीच.
सातवीत शब्दार्थ आला: उरी.
वर्गानं लिहिलं, छातीत, काळजात.
मी लिहिलं, आपली.
बाईंची लाल रेघ, अर्धा गुण गेला.
रात्री आईनं वही हातात घेतली,
दोन्ही अर्थ मला मोठ्यानं वाचायला लावले,
म्हणाली, "दोन्ही ठेव. लागतात."

अप्पा गेल्यानंतरच्या तिसऱ्या मार्चमध्ये
तिनं शेजारून पेचकस मागून आणला.
सुटकेस उलटी पाडली,
आणि चारही चाकं काढून
एका फळीला खालून ठोकली.
फळीवर गॅसचा सिलेंडर ठेवला.
सुटकेसमध्ये आता सुक्या मिरच्या असतात.
झाकण उघडलं की सगळं घर खोकतं.

परवा मी सुट्टीला आले होते.
ती तांदूळ धूत होती,
तिसरं पाणी नेहमीसारखं रश्शासाठी बाजूला ठेवून.
विचारायचं नव्हतं, तरी विचारलं,
समज, परत जायचं झालं तर?
तिनं वर पाहिलं नाही.
सिलेंडर पायानं जरासा सरकवला,
तो गेला, कोपऱ्यापर्यंत, हलका,
आणि म्हणाली,
"चाकं आहेत की."