मानस

कळंगुटच्या हॉटेलात अकरा वर्षं रिसेप्शन.
परवा आईनं दार वाजवलं
आणि मी आतून म्हणाले, "रूम नंबर?"

ती हसली नाही.

आता दिवाडीला, मावशीकडे.
फोन तांदळाच्या डब्यात.
तीन दिवस नुसती झोपले,
चौथ्या दिवशी भूक लागली, खरीखुरी,
सुंगटांच्या हुमणाची.

संध्याकाळी बांधावर इनासबाब
मानशीचं दार दाखवत होता:
"भरती आली की आपसूक मिटतं.
ओहोटीला उघडतं."

जुनं लाकूड, शेवाळलेलं.
बाहेर खारं पाणी धडका देत राहिलं.
आत भात, आणि एक बगळा,
कसलीच घाई नसलेला.

"आणि नाही मिटलं तर?"
"तर तीन पावसाळे पीक नाही.
मीठ धुऊन जायला हवं ना, बाये."

घरी डब्यात फोन वाजत असेल.
ऐकू दे तांदळांना.